दोन ठोके म्हणजे थांब

पहिल्या परीक्षेत वहिनी नापास झाली, आणि ती कशी झाली हे ऐकाल तर हसाल. मैदानाच्या टोकाला पांढऱ्या रेघांनी आखलेला एक लांबट चौकोन होता, दोन्ही अंगांना खांब रोवलेले. ट्रक उलटा घेत घेत त्या चौकोनात नेऊन उभा करायचा. वहिनीने निम्मा ट्रक आत घातला, अगदी सुतात, एकाही खांबाला धक्का न लावता. आणि मग ब्रेक दाबून जी बसली ती बसलीच. इंजिन गुरगुरतंय, परीक्षा घेणारे साहेब खाली उन्हात ताटकळलेत, आणि ही बाई समोरच्या काचेतून आभाळाकडे बघत कान टवकारून बसलेली.

"काय हो बाई, झोप लागली का?" साहेबांनी शेवटी खालून विचारलं.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. मागे कुणी उभंच नव्हतं. ठोका येणार तरी कुठून? तिने घाईघाईने गिअरला हात घातला, पण तोवर साहेबांनी शिट्टी फुंकली होती.

आता हे ठोक्यांचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई खुळी. खुळी अजिबात नव्हती. पावाच्या कारखान्याची छोटी गाडी ती कितीतरी वर्षं चालवत होती, अशा गल्ल्यांतून, की जिथे सायकलवाला उतरून चालत जाईल. पण तिचा नवरा ट्रक ड्रायव्हर. साधासुधा नव्हे, त्या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर त्याला उस्ताद म्हणायचे. तो उस्ताद म्हणून ही वहिनी. तिचं खरं नाव तिच्या माहेरच्यांना तेवढं आठवत असेल.

ट्रक मागे घ्यायचा तर ड्रायव्हरला मागचं धड दिसत नाही. म्हणून एक माणूस मागे उभा राहतो आणि फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या लाकडी झडपेवर, तळहाताने ठोके देतो. उस्तादची पद्धत ठरलेली. एक ठोका म्हणजे येऊ दे. दोन ठोके म्हणजे थांब. तीन ठोके म्हणजे झालं, नीघ. हे तीन ठोके वहिनीच्या वाट्याचे होते. उस्ताद फेरीला निघाला की ती आवारात येऊन फाळक्यावर तीन ठोके द्यायची, तो हॉर्नची एक पिप् करायचा आणि आठ-आठ दिवस गडप व्हायचा. नवराबायकोचं निरोपाचं बोलणं एवढंच. दोघांनाही ते पुरायचं.

मग उस्तादचा उजवा डोळा गेला. सकाळी उठला तर त्या बाजूला सगळा अंधार. डॉक्टरांनी करायचं ते केलं, आणि सांगितलं, दुसरा डोळा ठणठणीत आहे, काळजी करू नका. काळजी कसली? जड वाहनाचं लायसन्स दोन डोळ्यांना मिळतं. ते गेलं.

उस्तादने हाय खाल्ली. रोज सकाळी धाकट्या भावाच्या टायरच्या दुकानामागच्या आवारात जायचा, तिथे उभा असलेला ट्रक चालू करायचा, जरा वेळ इंजिनाचा आवाज ऐकायचा, बंद करायचा आणि घरी यायचा. घरी येऊन पान्यांची पेटी उघडायचा, सगळे पाने काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच. वहिनीला बघवायचं नाही.

ट्रक दोघा भावांचा होता. एका संध्याकाळी धाकटे भाऊजी घरी आले आणि खाली मान घालून म्हणाले, "दादा, उभी गाडी सडते. एक गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, भला माणूस आहे. देऊन टाकू या."

भाऊजी वाईट नव्हते हो. बोलत होते ते खरंच होतं. उस्ताद खिडकीबाहेर बघत राहिला. वहिनी चहा गाळत होती. गाळता गाळता म्हणाली, "मी चालवीन."

"काय चालवशील?" उस्तादने वळून विचारलं.

"ट्रक. घर तर कधीपासून चालवतेच आहे."

भाऊजी हसले. उस्तादही हसला, कितीतरी महिन्यांनी. मग त्याच्या लक्षात आलं, की वहिनी हसत नाहीये.

"अगं, ती काय पावाची गाडी आहे?"

"तिलाही चाकंच असतात. इथे चार जास्त, एवढंच. मला शिकवणार की नाही ते सांगा."

तिच्या मनात काय होतं ते सांगून टाकतो. ती गाडी विकली गेली, की नवऱ्यातलं जे काही शिल्लक आहे तेही गाडीबरोबर जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. नवी नवरी असताना उस्तादने तिला एकदा केबिनमध्ये बसवून चक्कर मारून आणली होती, आणि त्या उंचीवरून लोकांच्या कुंपणांपलीकडचं सगळं दिसत होतं. तेव्हापासून तिला ते हवं होतं. बस्, हवं होतं.

तर सकाळी पाव पोचवून झाले की ड्रायव्हिंग स्कूल, आणि संध्याकाळी आवारात उस्ताद. स्कूलमध्ये शिकवणारे मास्तर स्वतः आयुष्यभर लांबच्या फेऱ्या मारून आलेले, गालात कायम लवंग धरलेली. बाकी सगळी मिसरूड फुटलेली पोरं. पहिल्या दिवशी त्यांनी तिला काकू म्हणून बघितलं. तिने चढावर गाडी थांबवून, एक बोटभरही मागे न सरकू देता पुन्हा उचलली, तेव्हापासून ती पोरंही वहिनी म्हणायला लागली.

खुणा, नियम, इंजिनाचे भाग, हे परीक्षेत तोंडी विचारायचे. ते उस्ताद घरी घोकून घ्यायचा. वहिनी दिवसभर बाहेर, म्हणून स्वयंपाक आता त्याच्याकडे आला होता. तो बटाटे चिरायचा आणि प्रश्न फेकायचा.

"उतारावर ब्रेक तापले तर?"

"खालचा गिअर, बाजूला घ्यायची, थंड होऊ द्यायची. आणि अहो, तो बटाट्याचा तुकडा आहे की अख्खा बटाटा?"

"पोटात गेल्यावर सारखाच."

चहाही तोच करायचा. दोन कप मांडायचा, भांडं उचलायचा आणि चहा कपाच्या शेजारी ओतायचा. सगळा नाही, पहिली धार. मग हात सावरून बरोबर कपात. "या कपाचं तोंडच वाकडं आहे," असं पुटपुटायचा. वहिनी फडकं फिरवायची.

तर अशी तयारी करून ती पहिल्या परीक्षेला गेली, आणि ठोक्याची वाट बघत नापास झाली. घरी येऊन तिने खरं ते सांगितलं. उस्ताद पोट धरधरून हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, "म्हणजे अजून सराव हवा. चल आवारात."

भाऊजींनी गिऱ्हाइकाला थोपवून धरलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, अजून एकदा बघा. पण तेव्हाही नाही झालं, तर मला अडवू नका. तो माणूस दुसरी गाडी घेईल, आणि या जुन्या गाडीला परत कोण विचारतंय?" वहिनी म्हणाली, "नाही अडवणार." शब्द दिला.

आता मास्तरांनी एकच पाठ लावला. आरसा. डावा आरसा, उजवा आरसा, पुन्हा डावा. "परीक्षेत मागे देवसुद्धा उभा राहणार नाही, वहिनी. जे आहे ते या दोन काचांत." वहिनीला ते हळूहळू दिसायला लागलं. आधी आरशात नुसता हौदा दिसायचा. मग हौद्याचा कोपरा, मग जमिनीवरची रेघ, मग त्या दोघांमधली जागा. एकदा ती जागा दिसली, की दिसतच राहते.

आणि तिथेच घोळ झाला. कारण संध्याकाळी आवारात उस्ताद मागे उभा राहायचा आणि ठोके द्यायचा. टोकाला विटांची भिंत होती. तो दोन ठोके द्यायचा, ती थांबायची, आणि आरशात बघितलं तर फाळका आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस हातपाय पसरून झोपू शकेल एवढी जागा. कधी याच्या बरोबर उलटं. एका संध्याकाळी आरशात भिंत सरकत सरकत जवळ आली, अगदी जवळ आली, आणि मागून ठोका आला एकच. येऊ दे. वहिनीचा पाय ब्रेकवर होता. तिला दिसत होतं. तरी तिने पाय उचलला, कारण उस्ताद येऊ दे म्हणतोय.

खळ्ळकन मागचा दिवा फुटला. दोन ठोके आले ते त्याच्यानंतर.

"दोन दिले होते मी!" उस्ताद ओरडत पुढे आला. "दोन दिले होते! लक्ष कुठे होतं तुझं?"

वहिनी केबिनमधून त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि त्या लालीखाली तो घाबरलेला होता. तिला कळत होतं, की आत्ता बोलायला हवं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली.

उस्तादने खाली बसून काचा वेचल्या. दोन-तीनदा त्याची बोटं काचेच्या अलीकडेच मिटली. वहिनीने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी स्कूलच्या मैदानात ती चौकोनात गाडी घेताना निम्म्यावर अडखळायची ती अडखळायचीच. मास्तरांनी खिडकीशी येऊन लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"वहिनी, तुम्हाला जागा दिसतेय. तुमची मान कुठे वळते ते मी बघतोय, तुम्हाला सगळं दिसतंय. मग कुणाची वाट बघता?"

वहिनी स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, आरशाचं खरं धरलं, तर घरातल्या माणसाचं खोटं ठरतं."

मास्तर उस्तादला ओळखत होते. सगळेच ओळखत होते.

"एका डोळ्याने लांब-जवळ कळत नाही पटकन," ते म्हणाले. "त्याचा दोष नाही. घरी जाऊन एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे कळेल. पण वहिनी, त्याचा डोळा गेलाय, अक्कल नाही गेली. त्याला हे ठाऊक नसेल, असं वाटतं तुम्हाला?"

"ठाऊक असेलही. पण माझ्या तोंडून नाही ना कळलेलं."

"मग तोंडाने नका सांगू," मास्तर म्हणाले. "गाडी नीट लावा."

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. उस्ताद भाजी आणायला गेला होता. वहिनीने सुई नाही घेतली. तिने ओट्यावर कप मांडला, चहाच्या भांड्यात साधं पाणी घेतलं, उजवा डोळा घट्ट मिटला आणि ओतलं. पाणी कपाच्या शेजारी ओट्यावर पडलं. परत ओतलं. परत शेजारी. तिसऱ्यांदा कपाच्या काठावर आपटून अंगावर उडालं. वहिनी तिथेच ओट्याखाली जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. इतके दिवस ती फडकं फिरवत होती, पण हे असं असतं हे तिला आज समजलं. बिचारा रोज दोन कप भरत होता, आणि एकदाही म्हणाला नाही, की आज चहा तू कर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती उस्तादला म्हणाली, "उद्या तुम्ही मैदानावर येऊ नका हं."

"का?"

"तुम्ही असलात की मला धडधडतं."

"बरं," उस्ताद म्हणाला.

एवढ्या पटकन बरं म्हणणारा माणूस नव्हता तो. वहिनीला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत चाललं. साहेब तेच होते. त्यांनी तिला ओळखलं आणि भुवया उंचावल्या. तोंडी प्रश्न झाले, ब्रेकची हवा तपासून झाली, टायर झाले. रस्त्यावर चक्कर झाली. चढावर थांबून उचलणं झालं. मास्तर लांब झाडाखाली पोरांच्या घोळक्यात उभे होते, लवंग चावायची विसरलेले. राहिला तो चौकोन.

चौकोनाच्या मागे छातीएवढं पत्र्याचं कुंपण होतं आणि त्यापलीकडे रस्ता. साहेब रेघेशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हाताने खूण केली. वहिनीने गाडी मागच्या गिअरमध्ये टाकली. डावा आरसा. उजवा. पुन्हा डावा. पहिली जोडी खांबांची गेली. दुसरी गेली. निम्मा ट्रक आत आला, आणि या वेळी ती निम्म्यावर थांबली नाही. गाडी मुंगीच्या चालीने मागे सरकत राहिली.

आणि डाव्या आरशात, कुंपणाच्या वर, तिला एक तपकिरी टोपी दिसली.

ती टोपी तिनेच आणलेली होती. टोपीखालचा माणूस मान तिरकी करून, चांगला डोळा पुढे काढून गाडीकडे बघत होता. जिवाच्या आकांताने बघत होता. त्याचा हात वर गेला, आणि पत्र्यावर दोन ठोके पडले. धाड, धाड. सगळ्या मैदानात घुमले.

दोन ठोके म्हणजे थांब.

वहिनीचा पाय ब्रेककडे गेलाच. इतक्या वर्षांची सवय, तो आपोआप गेला. पण डोळा आरशात होता, आणि आरशात मागची रेघ अजून चांगली हातभर लांब होती. इथे थांबलं, तर ट्रकचं नाक पुढच्या रेघेच्या बाहेर. म्हणजे नापास. म्हणजे गाडी गेली. आणि नाही थांबलं, तर तो तिकडे उभा आहे, आणि भर मैदानात, सगळ्या पोरांसमोर, मास्तरांसमोर, त्याची बायको त्याला सांगणार, की तुम्हाला दिसत नाही.

"जागा आहे हो," वहिनी केबिनमध्ये एकटीच मोठ्याने म्हणाली. "आहे जागा."

आणि गाडी येऊ दिली.

पत्र्यावर पुन्हा दोन ठोके पडले. पुन्हा दोन, दोन्ही हातांनी. तिच्या डोळ्यांत पाणी दाटलं. पण पाणी आलं तर आरसा दिसणार नाही, म्हणून तिने रडणंसुद्धा पुढे ढकललं. हौद्याचा कोपरा रेघेजवळ आला. अजून जवळ आला. ठोके बंद झाले. तिने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. मैदानात एकदम शांत झालं.

साहेब मागे गेले, वाकले, रेघ बघितली, पुढे आले, पुढची रेघ बघितली. मग खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"कुंपणापलीकडून कुणीतरी इशारे देत होतं. तुमचा माणूस?"

"हो साहेब. माझे मालक."

"बाहेरच्या इशाऱ्यावर थांबला असता, तर तिथल्या तिथे नापास केलं असतं मी."

"ते मला ठाऊक नव्हतं साहेब."

"मग थांबला का नाहीत?"

वहिनीला एवढंच सुचलं, "मागे यायला जागा होती."

साहेबांनी हातातल्या कागदावर सही केली. "उतरा आता," ते म्हणाले. "पास आहात."

पोरांनी गलका केला. मास्तरांनी लांबूनच हात जोडले, कुणाला ते त्यांनाच ठाऊक. वहिनी खाली उतरली ती तडक फाटकाकडे निघाली.

उस्ताद रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला होता, टोपी मांडीवर. तळहात लालबुंद झाले होते. वहिनी शेजारी जाऊन बसली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, दोघंही त्यांच्याकडे बघत होते.

"मी दोन दिले होते," उस्ताद म्हणाला.

"ऐकले."

"थांबली नाहीस."

"नाही थांबले."

"किती होती जागा?"

आता वहिनीला खोटं बोलता आलं असतं. थोडीशीच होती, म्हणाली असती तर चालून गेलं असतं. पण ती एकदा खोटं बोलली होती, आणि दिव्याच्या काचा त्या माणसाने वेचल्या होत्या. तिने दोन्ही हात वर केले आणि मधली जागा दाखवली, होती तेवढी.

उस्तादने बघितलं. डोळ्याने बघून त्याचं समाधान झालं नाही. त्याने आपला हात पुढे केला, तिच्या एका तळव्याला लावला, मग सरकवत सरकवत दुसऱ्या तळव्याला नेला.

"एवढी?"

"एवढी."

"म्हणजे तो दिवासुद्धा..."

"हो."

"आणि माझंच चुकलं म्हणालीस."

"चुकलंच होतं माझं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं."

उस्तादने टोपी उचलली, उलटी केली, परत मांडीवर ठेवली. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रडायला दोन्ही चालत होते. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मघापासून पुढे ढकललेलं रडून घेतलं. जाणारे-येणारे बघत होते, बघेनात का.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं. "आणि निकाल काय लागला?"

"पास झाले."

"अगं, मग आधी ते सांगायचं ना!" उस्ताद उसळून उभा राहिला. "पास झालीस आणि माझ्या शेजारी बसून रडतेस काय, बाई!"

पहिली फेरी पिठाच्या गिरणीची मिळाली. आवारात सकाळी भाऊजी, त्यांच्या दुकानातली माणसं, सगळे जमले. गिऱ्हाइकाला भाऊजींनी आपणहून नाही म्हणून कळवलं होतं, आणि आता ते असे मिरवत होते, की जणू ही कल्पना मूळ त्यांचीच. उस्तादने डबा बांधून दिला होता. नवीन दिवाही त्यानेच बसवला होता, चाचपून चाचपून, आणि सकाळी चहा ओतताना भांडं वहिनीकडे सरकवून म्हणाला होता, "तू ओत. माझं शेजारी जातं."

"तुम्ही चला की बरोबर," वहिनी केबिनमध्ये चढता चढता म्हणाली.

"पुढच्या वेळी येतो. आज आलो तर तू रस्त्याकडे बघायची सोडून माझ्या तोंडाकडे बघशील."

आवार अरुंद, गाडी उलटीच रस्त्यावर काढावी लागायची. वहिनीने इंजिन चालू केलं. उस्ताद सवयीने मागे गेला, आणि फाळक्याशी त्याचा हात उचलला गेला. आरशात तिला दिसलं. हात वरच राहिला, मग खाली आला आणि खिशात गेला. तो दोन पावलं बाजूला सरून भिंतीला टेकून उभा राहिला.

वहिनीने गाडी मागे घेतली. डावा आरसा, उजवा आरसा, फाटकाचे दोन्ही खांब सांभाळून, कुणाच्याही मदतीशिवाय. रस्त्यावर आली, वळली, सरळ झाली. पुढचा रस्ता मोकळा पडला होता. तिने गाडी थांबवली आणि जी बसली ती बसलीच. समोरच्या काचेतून आभाळाकडे बघत, कान टवकारून.

भाऊजी घाबरले. "वहिनी, काय झालं? काही अडलं का?"

वहिनीने मान वळवली नाही. मागे एक गाडी येऊन खोळंबली, तिने हॉर्न वाजवला, तरी ही हलेना.

"अरे, बघा रे कुणीतरी, काय पाहिजे वहिनींना!"

"मला ठाऊक आहे तिला काय पाहिजे," उस्ताद म्हणाला.

तो फाटकातून बाहेर आला, गाडीमागे गेला. हात खिशातून काढला, फाळका आधी बोटांनी चाचपला, नीट जागा धरली आणि तळहाताने ठोके दिले. एक. दोन. तीन.

वहिनीने हॉर्नची एक पिप् केली आणि गाडी गिअरमध्ये टाकली.